गावचा दवाखाना आणि दाराबाहेरचे रुग्ण

इंग्लंडमधील खेड्याच्या दवाखान्यात शिरल्यावर डॉक्टरांच्या आधी भेटतो तो भिंतीवरचा सूचनाफलक. दवाखान्याच्या वेळा त्यावर लिहिलेल्या असतात. नेहमीची औषधे घेणाऱ्यांनी चिठ्ठीची मागणी दोन दिवस आधी नोंदवावी, असे त्यावर सांगितलेले असते. शरद ऋतू लागला की पासष्ट वर्षांवरील मंडळींनी फ्लूची लस टोचून घेण्यास अमुक शनिवारी यावे, अशी सूचना लागते. गर्भवती स्त्रियांना तपासणारी प्रसाविका कोणत्या वारी येते, रक्ताचे नमुने किती वाजेपर्यंत घेतले जातात, रात्री अपरात्री गरज पडल्यास कोणत्या क्रमांकावर दूरध्वनी करावा, हे सर्व तेथे वाचावयास मिळते. गावात अनेक वर्षे काढलेले एक डॉक्टर निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी नवीन डॉक्टर येत आहेत, ही वार्ताही तेथेच प्रथम कळते.

अशा रीतीने हा फलक म्हणजे दवाखान्याचे छोटेसे वृत्तपत्रच होय. त्यात सनसनाटी असे काही नसते. परंतु गावाच्या जीवनाशी त्याचा संबंध शहरातील दैनिकापेक्षा अधिक निकटचा असतो. तथापि या फलकाला एक मर्यादा आहे, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. फलक वाचतो तो दवाखान्यात आलेला माणूस. जो आलाच नाही, ज्याला येता आले नाही, किंवा आपल्याला काही झाले आहे याचीच ज्याला जाणीव नाही, त्याच्यापर्यंत ही वार्ता पोहोचत नाही. दवाखान्याच्या सेवेची खरी कसोटी या दाराबाहेरच्या माणसाच्या बाबतीत लागते. ब्रिटनमधील दोन ग्रामीण डॉक्टरांनी ही गोष्ट आपापल्या परीने ओळखली. त्यांनी जे केले ते समजून घेणे आपल्या देशातही उपयोगाचे आहे.

त्यासाठी प्रथम तेथील व्यवस्थेची थोडीशी ओळख करून घेतली पाहिजे. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. प्रत्येक नागरिकाने आपले नाव एखाद्या डॉक्टरच्या पटावर नोंदवावे आणि त्या डॉक्टरकडून विनामूल्य तपासणी व सल्ला घ्यावा, अशी तिची रचना आहे. रोग्याने भेटीगणिक पैसे मोजावयाचे नसतात. डॉक्टरला मिळणारा मोबदला मुख्यतः त्याच्या पटावर किती माणसे आहेत यावरून ठरतो. माणसाने गाव बदलले तर त्याची आजारपणाची कागदपत्रे नव्या डॉक्टरकडे जातात. ज्या खेड्यांच्या आसपास औषधांचे दुकान नाही, तेथे दवाखान्यालाच औषधे देण्याची मुभा असते. दुकानापासून एक मैलाहून, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटरहून, दूर राहणाऱ्या ग्रामीण रुग्णाला ही सोय मिळू शकते. त्यामुळे अशा दवाखान्यात तपासणीच्या खोलीशेजारीच औषधांची खिडकी दिसते.

या रचनेत महत्त्वाची वस्तू आहे ती पट. तो केवळ आजाऱ्यांचा नसतो. त्यात ठणठणीत माणसांचीही नावे असतात. तान्ह्या मुलापासून नव्वदीच्या वृद्धापर्यंत सर्वांची असतात. दुकानदाराला आपल्याकडे आलेले गिऱ्हाईक तेवढे ठाऊक असते. पट बाळगणाऱ्या डॉक्टरला मात्र न आलेला माणूसही ठाऊक असतो. निदान असू शकतो. हा 'असू शकतो' प्रत्यक्षात आणावयाचा की नाही, हे त्या डॉक्टरवर अवलंबून राहते. बहुसंख्य दवाखान्यांत पट पैशाच्या हिशेबापुरताच वापरला जात असे. त्याचा वेगळा उपयोग काय होऊ शकतो हे दाखविण्याचे काम दोन लहान गावांत झाले.

यॉर्कशायर परगण्यातील वेन्स्लीडेल या खोऱ्यात एस्गार्थ नावाचे गाव आहे. विल्यम पिकल्स हे तेथे १९१३ पासून कायमचे डॉक्टर म्हणून राहिले. पहिल्या महायुद्धात नौदलात केलेली सेवा वगळता त्यांची सारी कारकीर्द याच खोऱ्यात गेली. खोऱ्यातील खेडी एकमेकांपासून अंतरावर होती, लोक फारसे बाहेर जात नसत, आणि बाहेरून कोण आले हे सर्वांना ठाऊक असे. शहरातील डॉक्टरला ही परिस्थिती मागासलेली वाटली असती. पिकल्स यांनी तिचा उपयोग करून घेतला.

१९२९ मध्ये त्या भागात काविळीची साथ आली. अवघ्या काही हजारांच्या वस्तीत अडीचशेहून अधिक माणसे आजारी पडली. कोणाला कावीळ केव्हा झाली, तो त्यापूर्वी कोणाला भेटला होता, याची नोंद पिकल्स करू लागले. एका घरात काम करणारी एक मुलगी अंथरुणाला खिळलेली त्यांनी सकाळी पाहिली होती. ती उठू शकेल असे त्यांना स्वप्नातही वाटले नाही. परंतु त्या दिवशी गावची जत्रा होती. मुलगी उठली, जत्रेला गेली आणि तेथे कामाला लागली. पुढे सुमारे महिन्याभराने त्या जत्रेला आलेल्यांपैकी काही जणांना कावीळ झाली. अशा अनेक भेटीगाठींचा माग काढून पिकल्स यांनी दाखवून दिले की रोगाचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २६ ते ३५ दिवसांचा काळ जातो. मोठमोठ्या रुग्णालयांना जे निश्चित सांगता आले नव्हते ते एका खेड्यातील डॉक्टरने सांगितले. त्याचे कारण उघड आहे. रुग्णालयाला रोगी दिसतो. तो जत्रेत कोणाला भेटला हे दिसत नाही.

त्यानंतर वर्षानुवर्षे पिकल्स यांनी खोऱ्यातील साथींच्या नोंदी ठेवल्या. गोवर, गालगुंड, कांजिण्या, फ्लू हे सारे गावागणिक आणि दिवसागणिक तक्त्यांवर मांडले जाई. या कामात त्यांची पत्नी आणि कन्या यांचा हातभार असे. एका टेकडीवरून खाली पसरलेली खेडी पाहताना त्यांच्या मनात आले होते की या गावांत आपल्याला नावाने ठाऊक नसलेला माणूस क्वचितच सापडेल. त्यांचे 'एपिडेमिऑलॉजी इन कंट्री प्रॅक्टिस' हे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ब्रिटनमधील सामान्य डॉक्टरांनी आपले स्वतंत्र महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा १९५३ मध्ये त्याचे पहिले अध्यक्षपद या ग्रामीण डॉक्टरकडेच आले. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले.

पिकल्स यांच्या कार्यातून पहिला धडा मिळतो तो असा, की वार्ता दोन्ही दिशांनी वाहिली पाहिजे. दवाखान्याने गावाला सांगावयाचे असते, तसेच गावाने दवाखान्याला सांगावयाचे असते. शाळेत आज किती मुले गैरहजर आहेत, कोणाकडे पाहुणे आले आहेत, कोणाचा खोकला महिनाभर थांबलेला नाही, या गोष्टी फलकावर लिहिल्या जात नाहीत. त्या दवाखान्याच्या खिडकीशी, दुकानात, चर्चच्या दाराशी ऐकू येतात. त्या ऐकणारा आणि टिपून ठेवणारा कोणी असला तरच त्यांचे ज्ञान होते. नसला तर त्या गप्पा म्हणून विरून जातात.

दुसरे गाव आहे वेल्समधील ग्लिनकॉरुग. एस्गार्थ हे कुरणांचे आणि मेंढ्यांचे गाव, तर ग्लिनकॉरुग हे कोळशाच्या खाणीचे. अरुंद दरीच्या टोकाशी वसलेल्या या गावाची लोकसंख्या सुमारे दोन हजार होती. १९७० मध्ये तेथील खाण बंद पडली. पुरुषांचे रोजगार गेले. खाणीच्या धुळीने झालेले छातीचे विकार मात्र राहिले. ज्यूलियन ट्यूडर हार्ट हे १९६१ मध्ये तेथे डॉक्टर म्हणून आले आणि त्यांनी सुमारे पाव शतक त्या गावाची सेवा केली.

आरंभीच्या वर्षांत हार्ट यांचा सर्व वेळ दारात उभ्या असलेल्या गर्दीतच जात असे. तरीही त्यांना एक गोष्ट सलत होती. गावात पन्नाशीच्या आतबाहेरची माणसे अकस्मात दगावत. पक्षाघात होई, हृदय बंद पडे. त्यांच्यापैकी अनेकांचा रक्तदाब वाढलेला असण्याचा संभव होता. परंतु वाढलेला रक्तदाब दुखत नाही, म्हणून ती माणसे त्यासाठी दवाखान्यात येत नसत. त्या काळच्या पाहण्यांतून 'अर्ध्यांचा नियम' म्हणून ओळखली जाणारी एक गोष्ट पुढे आली होती. रक्तदाब वाढलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनाच तो ठाऊक असतो; ज्यांना ठाऊक असतो त्यांच्यापैकी निम्म्यांवरच उपचार होतात; आणि ज्यांच्यावर उपचार होतात त्यांच्यापैकी निम्म्यांचाच रक्तदाब आटोक्यात राहतो. याचा अर्थ, आठ रोग्यांपैकी एकालाच वैद्यकशास्त्राचा पुरता लाभ होतो. उरलेल्या सात जणांसाठी लागणारे औषध असते, डॉक्टर असतो, दवाखानाही असतो; उणीव असते ती त्यांना शोधणाऱ्या माणसाची.

हार्ट यांनी १९६८ च्या सुमारास हा शोध सुरू केला. पद्धत अगदी साधी होती. कोणी बोट कापले म्हणून आला, कोणी पाठदुखीसाठी आला, तरी त्याचा रक्तदाब मोजून कागदपत्रात नोंदवावयाचा. अशा रीतीने काही काळात पटावरील बहुतेक प्रौढांची नोंद झाली. मग पट उघडून ज्यांच्या नावापुढे आकडा नाही अशांची वेगळी यादी केली गेली आणि त्यांना निरोप धाडण्यात आले. जे तरीही आले नाहीत त्यांना घरी जाऊन गाठण्यात आले. अखेरीस गावातील जवळजवळ प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाचा रक्तदाब दवाखान्याला ठाऊक झाला. येथे नवे औषध नव्हते, महागडे यंत्रही नव्हते. रक्तदाबमापक, कागद आणि चिकाटी एवढेच भांडवल होते. रक्तदाबानंतर धूम्रपान, मधुमेह, फुप्फुसांची शक्ती यांच्याही नोंदी होऊ लागल्या. परिचारिका आणि खिडकीवरील मदतनीस स्त्रिया यांचा या कामात डॉक्टरांइतकाच वाटा होता. कारण कोणता माणूस टाळतो आहे आणि का टाळतो आहे, हे त्यांना अधिक चांगले कळे.

याच अनुभवातून हार्ट यांनी २७ फेब्रुवारी १९७१ च्या 'लॅन्सेट' नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यात मांडलेले सूत्र पुढे जगभर 'व्यस्त काळजीचा नियम' म्हणून प्रसिद्ध झाले. चांगली वैद्यकीय सेवा ज्यांना अधिक लागते त्यांनाच ती कमी मिळते, आणि सेवा बाजाराच्या हाती जितकी अधिक सोपवावी तितकी ही विषमता वाढते, असा त्याचा आशय आहे. आजारी, गरीब आणि वृद्ध माणसे जेथे अधिक, तेथे डॉक्टर कमी आणि गर्दी जास्त. निरोगी व सुस्थित माणसे जेथे अधिक, तेथे डॉक्टरही अधिक आणि त्यांच्याजवळ वेळही अधिक. हा नियम निसर्गाचा नव्हे, माणसांनी केलेल्या व्यवस्थेचा आहे, म्हणून तो बदलता येतो, असा हार्ट यांचा आग्रह होता.

तो बदलला का? या प्रश्नाचे उत्तर देण्यास पंचवीस वर्षे लागली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ग्लिनकॉरुगची तुलना शेजारच्या, तशाच परिस्थितीतील, एका गावाशी करण्यात आली. त्या गावात असा नियोजित शोध घेण्यात आलेला नव्हता. १९८१ ते १९८६ या काळात पासष्ट वर्षांच्या आतील मृत्यूंचे प्रमाण ग्लिनकॉरुगमध्ये सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळले. एका लहान गावाचे आकडे जपून वाचले पाहिजेत, हे खरे. परंतु खाण बंद पडलेल्या, बेकार झालेल्या वस्तीत हा फरक दिसावा ही सामान्य गोष्ट नव्हे.

हार्ट यांनी आपल्या एका रुग्णाविषयी लिहिले आहे. स्थूल, मद्य व धूम्रपान यांच्या आहारी गेलेला, रक्तदाब वाढलेला असा तो माणूस वर्षानुवर्षे दवाखान्यात येत राहिला. डॉक्टर आणि परिचारिका यांचा बराच वेळ त्याच्यावर खर्च झाला. कोणताही चमत्कार घडला नाही. परंतु खरे समाधान, हार्ट म्हणतात, जे घडले नाही त्यात आहे : पक्षाघात झाला नाही, हृदयविकाराचा झटका आला नाही, मूत्रपिंडे निकामी झाली नाहीत. सूचनाफलकावर अशा वार्तेला जागा नसते. न झालेल्या आजाराबद्दल कोणी आभार मानावयास येत नाही, आणि त्यामुळेच अशा सेवेवरील खर्चात कपात करणे फार सोपे जाते.

पिकल्स यांनी गावाचे ऐकले, हार्ट यांनी गावाला शोधले. तिसरे पाऊल उरते ते गावाला दवाखान्याच्या कारभारात बसविण्याचे. ऑक्सफर्डशायरमधील बेरिन्सफील्ड हे गाव युद्धकाळातील विमानतळाच्या जागेवर वसलेले आहे. तेथे पीटर प्रिचर्ड या डॉक्टरांनी १९७२ मध्ये रुग्णांचा एक गट स्थापन केला. त्याच सुमारास वेल्समधील अ‍ॅबरडेअर येथेही असा प्रयोग झाला. कल्पना अशी होती की दवाखान्याच्या वेळा, दूरध्वनीची सोय, वाहनाची अडचण, खिडकीवरील वागणूक या बाबतींत रुग्णांनीच बोलावे आणि डॉक्टरांनी ऐकावे. १९७८ मध्ये या गटांची राष्ट्रीय संघटना झाली. २०१५ पासून इंग्लंडमधील प्रत्येक दवाखान्याने असा गट ठेवावा, हे डॉक्टरांच्या कराराचेच एक कलम झाले.

अनेक खेड्यांत हे गट मोलाचे काम करतात. वृद्धांना मोटारीने दवाखान्यात आणणे, लसीच्या दिवशी रांग सांभाळणे, पत्रक छापून घरोघर टाकणे, ही कामे त्यांचे सदस्य हौसेने करतात. तथापि येथेही व्यस्त काळजीचा नियम डोके वर काढतो. बैठकीला येतो तो बहुधा निवृत्त, सुशिक्षित आणि सवड असलेला माणूस. शेतावर मजुरी करणारा तरुण, दोन मुलांना एकटीने वाढविणारी आई, घराबाहेर न पडणारा शेजारी हे त्या खुर्च्यांवर क्वचितच दिसतात. समितीचा प्रत्येक सदस्य दाराआतला. दाराबाहेरच्यांच्या वतीने बोलण्याचे भान त्याने स्वतःहून राखावे लागते.

ब्रिटनमधील खेड्यांपुढे आज आणखी एक चिंता आहे. डॉक्टर निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी येण्यास कोणी तयार नसते. मग दोन-तीन दवाखाने एकत्र केले जातात आणि लहान गावातील शाखा बंद होते. या कहाणीत भारताचाही एक धागा गुंफलेला आहे. वेल्सच्या खाणवस्त्यांत जाण्यास स्थानिक तरुण डॉक्टर राजी नव्हते, तेव्हा विशेषतः १९६० व १९७० च्या दशकांत भारत, पाकिस्तान आणि शेजारच्या देशांतून आलेले डॉक्टर तेथे गेले. त्यांनी आपले आयुष्य त्या दऱ्यांत घालविले. पुढे ते निवृत्त होऊ लागले, तेव्हा त्यांच्या खुर्च्या भरणे कठीण झाले. ज्या वैद्यकीय महाविद्यालयांतून ते शिकून बाहेर पडले त्या भारतातील महाविद्यालयांच्या आसपासची खेडीही डॉक्टरची वाट पाहतच होती, हे येथे विसरून चालणार नाही. व्यस्त काळजीचा नियम देशांच्या सीमा ओळखत नाही.

आपल्याकडील रचना वेगळी आहे. भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल सादर केला आणि १९५२ पासून प्राथमिक आरोग्यकेंद्रे स्थापन होऊ लागली. येथे डॉक्टरच्या पटावर नाव नोंदविण्याची प्रथा नाही. परंतु केंद्राला ठरावीक प्रदेश आणि लोकसंख्या नेमून दिलेली असते : सपाटीवर तीस हजार, डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजार. उपकेंद्राची परिचारिका घरोघरची नोंदवही ठेवते आणि २००५ पासून गावोगाव आशा कार्यकर्त्याही नेमल्या गेल्या. केंद्राच्या भिंतीवर नागरिकांची सनद लावावी आणि कारभारासाठी रुग्ण कल्याण समिती असावी, असेही ठरले. थोडक्यात, आपल्याकडे फलक आहे, समिती आहे, आणि पटाची जागा घेणारी वहीही आहे. प्रश्न आहे तो ती वही वरिष्ठ कार्यालयाकडे आकडे पाठविण्यापुरतीच उघडली जाते की न आलेल्या माणसाचे नाव शोधण्यासाठी उघडली जाते, हा.

ती दुसऱ्या रीतीने उघडली तर काय दिसते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्यांपैकी पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. दवाखान्याच्या दारात बसून हा आकडा कधीच कळला नसता. त्या स्त्रिया दवाखान्यात येतच नव्हत्या, आणि येत नव्हत्या म्हणून त्यांचे दुखणे अस्तित्वातच नाही असे मानले जात होते.

खेड्यातील दवाखान्याने कोणत्या सेवा द्याव्यात याची यादी करणे अवघड नाही. वेळा पाळाव्यात, औषधे असावीत, लस वेळेवर टोचली जावी, सूचना लोकांना समजतील अशा भाषेत लिहाव्यात. हे सर्व झालेच पाहिजे. परंतु संध्याकाळी शेवटचा रुग्ण निघून गेल्यावर आणखी एक काम उरते. पट उघडून, आज कोण आले हे पाहून झाल्यावर, कितीतरी दिवसांत कोण आले नाही हेही पाहावयाचे. त्या नावांपैकी एखाद्या घरी दुसऱ्या दिवशी कोणीतरी जाऊन यावे. तेवढे झाले तरी दवाखान्याची सेवा त्याच्या चार भिंतींबाहेर पडून गावाची झाली असे म्हणता येईल.